अमेरिकेतील घरगुती काडतूसभरणी व क्रमवाही यंत्राचा उगम

शस्त्रास्त्रांच्या इतिहासात बंदुकीला जेवढे स्थान मिळाले आहे तेवढे काडतुसाला मिळालेले नाही. बंदूक मागे राहते, संग्रहालयात मांडली जाते, तिच्यावर कारागिराचे नाव कोरलेले असते. काडतूस क्षणार्धात जळून जाते. त्याच्या चार घटकांपैकी दारू धूर होते, गोळी लक्ष्यात रुतते, प्राइमर निकामी होतो. उरते ती केवळ पितळेची रिकामी पुंगळी. ही पुंगळी टाकून द्यावयाची की पुन्हा भरावयाची, ह्या प्रश्नाला निरनिराळ्या देशांनी निरनिराळी उत्तरे दिली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सामान्य नागरिक आपल्या घराच्या तळघरात वा मोटारखान्यात एका बाकावर यंत्र बसवून हे काम करतो, व कोणते यंत्र घ्यावे ह्याविषयी तेथे पिढ्यान् पिढ्या वाद चालत आला आहे. एकेक क्रिया स्वतंत्रपणे करणारे साधे यंत्र घ्यावे, की दांडा एकदा ओढताच एक पूर्ण काडतूस बाहेर टाकणारे 'प्रोग्रेसिव्ह' यंत्र घ्यावे, असा तो वाद आहे. वरवर पाहता तो गिऱ्हाइकाच्या पसंतीचा प्रश्न वाटतो. वस्तुतः त्याच्या मुळाशी दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासातील काही घटना इतक्या योगायोगाच्या आहेत की त्या घडल्या नसत्या तर हा प्रश्नच उद्भवला नसता.

प्रथम पारिभाषिक शब्दांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. मराठीत 'ठासणीची बंदूक' हा शब्दप्रयोग सर्वांच्या परिचयाचा आहे. नळीच्या तोंडातून दारू ओतावयाची, गोळी सोडावयाची आणि गजाने ठासावयाची, ही ती पद्धती. ह्या पद्धतीत बंदूक भरणारा आणि उडवणारा एकच असे. दारूचे प्रमाण किती घ्यावे हे त्याच्या अनुभवाने ठरे. 'काडतूस' हा शब्द मात्र परदेशी मुळाचा आहे. पोर्तुगीज 'कार्तूशु' किंवा फ्रेंच 'कार्तूश' ह्याच्याशी त्याचे नाते उघड आहे, व त्याच्या मुळाशी कागद हा अर्थ आहे. प्रारंभीचे काडतूस खरोखरच कागदाची पुडी होती. १८५७ मध्ये ज्या एन्फील्ड बंदुकीच्या काडतुसांवरून हिंदी शिपायांत असंतोष भडकला ती काडतुसेही अशीच चरबी लावलेल्या कागदाची होती व त्यांचे टोक दातांनी तोडावे लागे. 'दारू' हा फारसी शब्द औषध ह्या मूळ अर्थापासून निघून मराठीत मद्य आणि बंदुकीची भुकटी अशा दोन टोकांना जाऊन पोहोचला, हे जाता जाता नमूद करण्यासारखे आहे. इंग्रजी 'प्रोग्रेसिव्ह' ह्या शब्दाला मराठीत 'पुरोगामी' हा प्रतिशब्द रूढ आहे. परंतु तो राजकारणाने इतका व्यापला आहे की यंत्राला लावल्यास हास्यास्पद होईल. पुंगळी एका स्थानावरून पुढील स्थानावर क्रमाने वाहून नेणारे म्हणून ह्या यंत्रास येथे 'क्रमवाही' म्हटले आहे, व एका वेळी एकच क्रिया करणाऱ्यास 'एकस्थानी'.

धातूच्या पुंगळीचे काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये उदयास आले. १८५७ मध्ये अमेरिकेतील स्मिथ व वेसन ह्या भागीदारांनी .२२ मापाचे लहानसे काडतूस बाजारात आणले. त्यात स्फोटक द्रव्य पुंगळीच्या बुडाच्या दुमडलेल्या कडेत भरलेले असे व घोड्याचा आघात त्या कडेवर होई. हे काडतूस अतिशय यशस्वी झाले आणि आजही ते बनते. परंतु आघाताने कड एकदा चेपली की ती पुंगळी संपली. तिच्यात नवे स्फोटक द्रव्य बसविणे सामान्य माणसाच्या हातचे नाही. काडतुसांचा विकास ह्याच वाटेने पुढे गेला असता तर पुनर्भरणाची कला ठासणीच्या बंदुकीबरोबरच लोपली असती.

तसे झाले नाही, कारण शक्तिशाली काडतुसांना कडेचे पातळ धातू पुरेनात व स्फोटक द्रव्य बुडाच्या मध्यभागी, स्वतंत्र टोपीत बसविण्याची कल्पना पुढे आली. ह्या टोपीलाच प्राइमर म्हणतात. १८६६ हे ह्या संदर्भात अत्यंत महत्त्वाचे वर्ष होय. त्या एकाच वर्षी दोन माणसांनी, अटलांटिक महासागराच्या दोन तीरांवर, दोन वेगवेगळ्या रचनांची एकस्वे घेतली. अमेरिकेत हायरम बर्डन हा यादवी युद्धात नेमबाजांच्या पलटणीचे नेतृत्व केलेला अधिकारी होता. इंग्लंडमध्ये एडवर्ड बॉक्सर हा वुलिच येथील शाही दारूगोळा प्रयोगशाळेचा प्रमुख होता. प्राइमरमधील द्रव्य पेटण्यासाठी ते आघात करणारे टोक आणि एक छोटी ऐरण ह्यांच्यामध्ये चिरडले जावे लागते. बर्डनने ही ऐरण पुंगळीच्याच बुडात, तिच्या धातूतून घडविली आणि ठिणगी आत जाण्यासाठी ऐरणीच्या बाजूंना सामान्यतः दोन बारीक छिद्रे ठेवली. बॉक्सरने ऐरण प्राइमरच्या आत घातली. त्यामुळे पुंगळीच्या बुडात मध्यभागी एकच मोठे छिद्र ठेवता आले.

कारखानदाराच्या दृष्टीने बर्डनची रचना सोयीची, कारण तिचा प्राइमर साधा व स्वस्त होता. परंतु रिकाम्या पुंगळीच्या दृष्टीने दोहोंतील अंतर फार मोठे आहे. बॉक्सरच्या पुंगळीत तोंडातून एक सरळ पोलादी काडी घातली की ती मधल्या छिद्रातून खाली उतरते आणि वापरलेला प्राइमर ढकलून बाहेर काढते. बर्डनच्या पुंगळीत तीच काडी ऐरणीवर आपटते व मोडते. प्राइमर बाहेरून उचकटून वा पाण्याच्या दाबाने काढावा लागतो. सारांश, एका पुंगळीस क्षणभर पुरे, दुसरीस चांगली खटपट करावी लागते. आता इतिहासाची गंमत अशी की अमेरिकन बर्डनची रचना युरोपने उचलली आणि इंग्रज बॉक्सरची अमेरिकेने. स्वतः ब्रिटिशांच्या .३०३ ह्या प्रसिद्ध लष्करी काडतुसातसुद्धा पुढे बव्हंशी बर्डनचीच रचना आढळते. अमेरिकन कारखान्यांनी मात्र नागरी विक्रीसाठी बॉक्सरची रचना धरली ती सोडली नाही. अमेरिकन नागरिकाला पुनर्भरणाची जी आवड लागली तिचे कारण त्याच्या स्वभावातील स्वावलंबनात शोधण्याची प्रथा आहे. त्यात तथ्य नाही असे नव्हे, पण एका इंग्रज अधिकाऱ्याने ऐरण कोठे बसविली ह्या गोष्टीचा वाटा त्याहून कमी नाही.

पश्चिमेकडील कुरणांत १८७० च्या दशकात रानरेड्यांची जी प्रचंड शिकार झाली तिच्यात पुनर्भरण हा व्यवसायाचाच भाग होता. शिकारी तळापासून शेकडो मैल दूर असत. शिसे, दारू व प्राइमर गाड्यांतून नेत, रात्री शेकोटीपाशी शिसे वितळवून गोळ्या ओतीत व दिवसा झाडलेल्या पुंगळ्या पुन्हा भरीत. विंचेस्टर कंपनी आपल्या बंदुकांबरोबर भरणीची हत्यारेही विकीत असे. १८८४ मध्ये जॉन बार्लो ह्याने कनेक्टिकट संस्थानातील न्यू हेवन येथे 'आयडियल' ह्या नावाने कारखाना काढला. त्याचे हत्यार अडकित्त्यासारखे दोन दांड्यांचे होते. एका हातात मावणारे, खोगीरपिशवीत राहणारे. त्याबरोबर निघणाऱ्या पुस्तिकेत दारूची प्रमाणे, गोळ्यांची वजने आणि वाचकांच्या शंकांची उत्तरे असत. हा व्यवसाय १९१० मध्ये मार्लिन कंपनीकडे व १९२५ मध्ये लायमन कंपनीकडे गेला, आणि अडकित्त्याच्या आकाराचे ते हत्यार विसाव्या शतकात दीर्घकाळ विकले जात राहिले.

ह्या जुन्या हत्यारांना घाई ठाऊक नव्हती, आणि काळ्या दारूला तिची गरजही नव्हती. काळी दारू घनफळाने मोजली जाई व पुंगळी ती जवळजवळ गच्च भरून टाकी. चुकून दोनदा दारू घालावी म्हटले तरी ती मावत नसे; बाहेर सांडे आणि चूक तत्काळ दिसे. ही सुरक्षितता कोणी योजलेली नव्हती, ती त्या पदार्थातच होती. १८८४ मध्ये फ्रेंच रसायनज्ञ पॉल व्हिएल ह्याने निर्धूम दारू सिद्ध केली व १८८६ च्या लेबेल बंदुकीपासून जगातील सैन्यांनी तिचा स्वीकार केला. तिची शक्ती काळ्या दारूच्या अनेक पट असल्याने तेवढेच काम फार थोड्या दारूत होऊ लागले. पुंगळ्या मात्र पुष्कळशा जुन्याच आकाराच्या राहिल्या. .३८ स्पेशल हे पिस्तुलाचे काडतूस ह्याचे उत्तम उदाहरण होय. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस ते निघाले तेव्हा काळ्या दारूचे दिवस पुरते सरले नव्हते व त्याची पुंगळी त्या मानाने लांब ठेवलेली होती. निशाणबाजीच्या सरावासाठी लागणारी निर्धूम दारू तिच्या तळाशी इतकी थोडी दिसते की दुप्पट पडली तरी पुंगळी ओसंडत नाही. गोळी वर बसली की चूक झाकली जाते. असे काडतूस झाडले असता पिस्तुलाची कोठी फुटू शकते. उलट दारू मुळीच पडली नाही तर केवळ प्राइमरच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर अडकते व मागून येणारी दुसरी गोळी नळी फोडते. पुनर्भरणाच्या यंत्रांचा पुढील सर्व इतिहास ह्या दोन चुकांभोवती फिरतो असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात ही कला शास्त्रशुद्ध होऊ लागली. १९२७ मध्ये रेमिंग्टन कंपनीने 'क्लीनबोअर' नावाचे, नळी न गंजविणारे प्राइमर बाजारात आणले. १९३७ मध्ये फिलिप शार्प ह्याचा हस्तभरणीवरील बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला. ह्याच सुमारास 'हँडलोडिंग' व 'रीलोडिंग' हे दोन शब्द भिन्न अर्थांनी वापरण्याची प्रवृत्ती दिसू लागते: पहिल्यात अचूकतेसाठी केलेल्या कारागिरीचा अभिमान आहे, दुसऱ्यात केवळ संख्येची व काटकसरीची भावना आहे. हे दोन शब्द दोन प्रकारच्या माणसांचे निदर्शक आहेत, आणि यंत्रांचेही. पहिल्या प्रकारच्या माणसासाठी बाकाला पक्के बसवावयाचे, लांब दांड्याचे, भक्कम एकस्थानी यंत्र घडत गेले. त्याच्या माथ्यावर एकच साचा फिरवून बसवता येतो. साच्याच्या ह्या पेचाचे माप पुढे पाऊण इंचाहून थोडे अधिक, म्हणजे सात-अष्टमांश इंच व इंचाला चौदा आटे, असे ठरून गेले. एका कारखान्याचा साचा दुसऱ्याच्या यंत्रात बसू लागला. ज्याला ह्या व्यवसायातील सर्वांत महत्त्वाचा अलिखित करार म्हणता येईल तो हाच.

दुसऱ्या प्रकारच्या माणसासाठीचे यंत्र घरासाठी निर्माणच झाले नव्हते. कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथील स्टार मशीन वर्क्स ह्या कारखान्याचे क्रमवाही यंत्र १९३० च्या दशकापासून पोलीस खात्यांत व नेमबाजी-संघांत दिसू लागले. शिपायांना सरावासाठी हजारो काडतुसे लागत. कारखान्याची काडतुसे महाग पडत. आणि पुंगळ्या नेमबाजीच्या मैदानावर आयत्या गोळा होत. स्टारच्या यंत्रात एका गोल तबकडीवर अनेक पुंगळ्या एकाच वेळी उभ्या असतात. दांडा खाली येतो तेव्हा एका पुंगळीतून जुना प्राइमर निघतो व तिचे फुगलेले अंग पूर्ववत् मापात येते, त्याच क्षणी दुसरीत दारू पडते, तिसरीवर गोळी दाबली जाते. तबकडी एक घर पुढे सरकते आणि प्रत्येक ओढीला एक काडतूस तयार होते. कारखान्यातील उत्पादनाचे हे तत्त्व बाकाच्या आकारात आणणे ही लहान गोष्ट नव्हती. मात्र ह्या यंत्रावर भरले जाणारे प्रमुख काडतूस कोणते होते? तेच .३८ स्पेशल, ज्यात दुप्पट दारू निमूटपणे मावते. जेथे डोळ्याने पाहणे सर्वांत अवश्य होते तेथेच डोळ्याला सर्वांत कमी अवधी देणारे यंत्र प्रथम आले. पोलिसांच्या भांडारात एक प्रशिक्षित माणूस तेच एक काम करीत असे, म्हणून ही विसंगती फारशी जाणवली नसावी.

दुसऱ्या महायुद्धानंतर जे घडले त्याचे वर्णन बहुधा काटकसर ह्या एका शब्दाने केले जाते; ते अपुरे आहे. युद्धकाळात नागरिकांना काडतुसे मिळेनाशी झाली व अनेक हुशार कारागिरांनी घरच्या घरी उपाय शोधले. कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे फ्रेड हंटिंग्टन ह्याने १९४३ मध्ये .२२ मापाच्या वापरलेल्या पुंगळ्यांपासून गोळीचे आवरण बनविण्याचा साचा तयार केला. पुनर्भरणास सर्वथा निरुपयोगी म्हणून फेकली जाणारी ती कडेची पुंगळी येथे गोळीचे कवच म्हणून पुन्हा जन्मास आली. त्या साच्याच्या नावाची आद्याक्षरे घेऊन 'आरसीबीएस' ही कंपनी उभी राहिली. आयडाहोमधील लुइस्टन येथे व्हर्नन स्पीअर आणि नेब्रास्कातील ग्रँड आयलंड येथे जॉइस हॉर्नडी ह्यांनी गोळ्यांचे कारखाने काढले. कॅन्ससमधील ब्रूस हॉजडन ह्याने तर सैन्याची शिल्लक राहिलेली दारू विकत घेतली, ती एका जुन्या आगगाडीच्या डब्यात कुरणात साठविली व लहान प्रमाणात गिऱ्हाइकांना पाठविण्यास प्रारंभ केला. शासनाला जी दारू अडगळ झाली होती तिने एका संपूर्ण नागरी छंदाला जन्म दिला. १९५८ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये रिचर्ड ली ह्याने हातोडीने ठोकून काडतूस भरण्याचे एक अगदी स्वस्त हत्यार काढले व ज्याला यंत्र परवडत नव्हते त्यालाही वाट मोकळी झाली. १९६६ पासून ह्या विषयाला वाहिलेले 'हँडलोडर' हे नियतकालिक निघू लागले.

काटकसरीखेरीज दुसरी एक प्रेरणा ह्या काळात प्रबळ होती, ती जिज्ञासेची. प्रचलित पुंगळीचे तोंड आवळून वा फाकवून नवी काडतुसे घडविण्याचा नाद अनेकांना होता. अशा काडतुसांना इंग्रजीत 'वाइल्डकॅट', म्हणजे रानमांजर, म्हणतात, आणि कोणत्याही कारखान्याच्या वंशावळीत न बसणाऱ्या ह्या संततीला ते नाव शोभते. त्यांतील काहींना पुढे कुलीनत्वही प्राप्त झाले: .२२-२५० हे काडतूस अनेक वर्षे घरगुती भरणी करणाऱ्यांचेच होते, ते १९६५ मध्ये रेमिंग्टनने आपल्या सूचीत घेतले. एल्मर कीथ ह्याने .४४ स्पेशलमध्ये वर्षानुवर्षे केलेल्या जबरदस्त भरण्यांतून १९५५ च्या सुमारास .४४ मॅग्नम अवतरले. हे सर्व कार्य एकस्थानी यंत्रांवर झाले. पन्नास पुंगळ्या एका लाकडी ठोकळ्याच्या भोकांत उभ्या करावयाच्या, सर्वांत दारू घालावयाची, मग दिव्याखाली धरून पन्नासही तोंडांत डोकवावयाचे, ही शिस्त त्या यंत्राने लावली. एकीत दारू वर दिसली की चूक सापडली. ताशी पन्नास ते शंभर काडतुसे एवढाच ह्या पद्धतीचा वेग. पण तिचा धीमेपणा आणि तिची निर्धोकता ह्या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत.

१९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग व रॉबर्ट केनेडी ह्यांच्या हत्यांनंतर अमेरिकेत शस्त्रनियंत्रणाचा संघीय कायदा झाला. विक्रीसाठी काडतुसे बनविणाऱ्यास परवाना अवश्य ठरला आणि काडतुसाच्या व्याख्येत पुंगळी, प्राइमर, गोळी व दारू हे घटकही आले. स्वतःच्या वापरासाठी घरी भरणाऱ्यास मात्र संघीय परवान्याची अट लागली नाही, आणि टपालाने काडतुसे मागविण्यावरील बंधन १९८६ च्या कायद्याने उठले. इतर देशांशी तुलना केल्यास ह्या सवलतीचे वेगळेपण ध्यानात येते. जर्मनीत भरणी करू इच्छिणाऱ्यास स्फोटक द्रव्यांच्या कायद्याखाली शिक्षण घेऊन अनुज्ञा मिळवावी लागते. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे पाचवे कलम परवान्यावाचून काडतुसे निर्माण करण्यास मनाई करते. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ पासून काडतुसांचा मोठा सरकारी कारखाना आहे. त्या परिसरात काडतूस ही वस्तू पिढ्यान् पिढ्या परिचित असली तरी ती कारखान्याची वस्तू म्हणून, घरची म्हणून नव्हे.

क्रमवाही यंत्र घरात आणले ते एका खेळाने. १९७६ मध्ये मिसूरी संस्थानातील कोलंबिया येथे भरलेल्या परिषदेत व्यवहारोपयोगी नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली व जेफ कूपर तिचा पहिला अध्यक्ष झाला. स्थिर उभे राहून सावकाश नेम धरण्याच्या जुन्या स्पर्धांहून ह्या स्पर्धा भिन्न होत्या. धावत, वळत, घड्याळाविरुद्ध झाडावयाचे असल्याने सरावात एका आठवड्याला शेकडो काडतुसे खर्ची पडू लागली. एकस्थानी यंत्रावर एवढी भरणी करावयाची तर रविवारच काय, सारी सुट्टी त्यातच जावयाची. ॲरिझोनातील माइक डिलन ह्याने प्रथम स्टारच्या यंत्रात फेरफार करून रायफलीची काडतुसे त्यावर भरता येतील अशी जोडसाधने विकली, नंतर स्वतःची यंत्रे काढली. १९८० च्या दशकात त्याची आरएल-४५० व तिच्या मागोमाग आरएल-५५० ही यंत्रे आली. दुसऱ्या यंत्रात सर्व साचे एका सुट्या पट्टीवर बसविलेले असतात. ती पट्टी उचलून दुसरी सरकवली की निराळ्या मापाचे काडतूस भरता येते. साचेही वर सांगितलेल्या सर्वमान्य पेचाचे. पोलीस भांडारातील यंत्राला एकच काडतूस जन्मभर भरावयाचे होते. घरच्या माणसाकडे चार प्रकारच्या बंदुका असतात. हा फरक डिलनने जाणला, हे त्याच्या यशाचे खरे रहस्य होय. टंगस्टन कार्बाइडच्या कड्याचे साचेही ह्या सुमारास सर्वत्र झाले होते. पोलादी साच्यात पुंगळी अडकू नये म्हणून तिला तेल लावावे व नंतर पुसावे लागते. कार्बाइडने पिस्तुलाच्या सरळ पुंगळीची ही कटकट संपविली. ती संपली नसती तर क्रमवाही यंत्राचा वेग तेलाच्या चिंधीतच अडकून पडला असता. निमुळत्या मानेच्या रायफल-पुंगळ्यांना तेल आजही लावावेच लागते, आणि म्हणून त्यांच्यासाठी क्रमवाही यंत्राचा लाभ काहीसा कमी होतो.

येथून पुढे यंत्रांच्या निवडीचा वाद दोन प्रश्नांवर केंद्रित झालेला दिसतो: तबकडी कोणी फिरवावी, आणि स्थाने किती असावीत. आरएल-५५० मध्ये स्थाने चार आहेत व तबकडी माणसाने अंगठ्याने फिरवावयाची असते. ह्यावर आक्षेप असा की मध्येच कोणी हाक मारली व तबकडी फिरवण्याचे राहून दांडा पुन्हा ओढला गेला, तर त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा दारू पडते. डिलनच्याच एक्सएल-६५० ह्या यंत्रात तबकडी आपोआप फिरते, म्हणून ही विशिष्ट चूक तेथे सहसा होत नाही. परंतु स्वयंचलनाचा कैवार घेणारे एक गोष्ट विसरतात. स्वयंचलित यंत्र सुरळीत चालते तोवर उत्तम. एखादी पुंगळी आडवी पडली, प्राइमर उलटा बसला, दांडा मध्येच थांबवून मागे घ्यावा लागला, म्हणजे तबकडीवरील प्रत्येक पुंगळी कोणत्या अवस्थेत आहे हे माणसाला ठाऊक नसते, कारण आतापर्यंत ते यंत्र जाणत होते. हाताने फिरवणाऱ्यास ते ठाऊक असते. यास्तव अनुभवी लोक अशा खोळंब्यानंतर तबकडीवरील दारू पडलेल्या सर्व पुंगळ्या रिकाम्या करून नव्याने आरंभ करण्याचा सल्ला देतात, आणि तोच सयुक्तिक आहे.

पाचव्या स्थानाचा इतिहास ह्याहून बोलका आहे. काडतूस घडण्यास चार स्थाने पुरतात: माप व प्राइमर, दारू, गोळी, तोंड आवळणे. पाचवे स्थान काहीच घडवीत नाही. तेथे एक दट्ट्या पुंगळीत उतरून दारूची पातळी चाचपतो व ती कमीजास्त असल्यास घंटी वाजवतो किंवा यंत्र अडवतो. म्हणजे लाकडी ठोकळ्यावरच्या पन्नास पुंगळ्यांत दिव्याखाली डोकावणारा जो डोळा वेगापायी गमावला गेला होता, तोच येथे यांत्रिक रूपाने परत आणला आहे. हॉर्नडीच्या व ली कंपनीच्या पुढील यंत्रांतही पाच स्थाने आली. लीने अलीकडे सहा स्थानांचे यंत्रही काढले. अगदी स्वस्त अशा ली प्रो-१००० मध्ये तीनच स्थाने आहेत व नवशिक्याला बहुधा किमतीमुळे प्रथम तेच आकर्षित करते; निरीक्षणाचे साधन ज्याला सर्वांत अधिक हवे त्याच्याच वाट्याला ते न यावे, हा दोष किमतीच्या गणितात दिसत नाही. ताशी चारशे ते सहाशे हा हाताने फिरवावयाच्या यंत्राचा, व आठशे ते हजार हा पुंगळ्या आपोआप पुरविणाऱ्या यंत्राचा वेग सांगितला जातो. वर्षाला दोन-तीन हजार काडतुसे लागणाऱ्यास पहिला पुरेसा आहे, आणि यंत्राचा परिचय तेवढा अधिक राहतो.

प्राइमरच्या नळीचाही उल्लेख केला पाहिजे. क्रमवाही यंत्रात शंभर प्राइमर एकावर एक रचून नळीत भरलेले असतात. एक फुटला तर सर्व फुटू शकतात. सुटा प्राइमर जेथे फटाका ठरतो तेथे शंभरांची रास बॉम्ब ठरते. डिलनने ह्या नळीभोवती पोलादी कवच घातले. अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या प्रमाणित नियमांत घरात साठवावयाच्या प्राइमरांची मर्यादा दहा हजार व निर्धूम दारूची वीस पौंड धरलेली आहे, तीही मूळ वेष्टनात. दांड्याला अनपेक्षित अडथळा जाणवला असता जोर करू नये, हा ह्या कलेतील जुना दंडक एकस्थानी यंत्रावर शिकणे सोपे जाते, कारण तेथे दांड्यातून एकच क्रिया हाताला कळते. क्रमवाही यंत्राच्या दांड्यात चार-पाच क्रियांचा जोर एकत्र मिसळलेला असतो.

२०१२ च्या डिसेंबरानंतर, आणि पुन्हा २०२० व २०२१ मध्ये, अमेरिकेत काडतुसांचा मोठा तुटवडा पडला. तेव्हा पुष्कळांनी प्रथमच क्रमवाही यंत्रे विकत घेतली. पुंगळ्या मैदानावरून गोळा करता येत होत्या, शिसे वितळवून गोळ्याही ओतता येत होत्या. प्राइमर मात्र मिळेनात. घरी सुरक्षितपणे बनविता येत नाही असा हा घटक. बॉक्सरने ऐरण पुंगळीतून काढून प्राइमरमध्ये घातल्यामुळे पुंगळी घराची झाली होती. त्याच कृतीने प्राइमर अधिक गुंतागुंतीचा होऊन कायमचा कारखान्याचा राहिला होता. दर तासाला हजार काडतुसे भरू शकणारी यंत्रे महिनोन्महिने बाकांवर स्वस्थ उभी होती, आणि ज्यांच्याजवळ थोडे प्राइमर शिल्लक होते त्यांपैकी अनेकांनी ते जुन्या एकस्थानी यंत्रावर, एकेक मोजून वापरले.